यंदा देखाव्यात जिवंत मासे नकोत : बडोद्यातील गणेश मंडळांना खुले पत्र

बडोद्यातील सार्वजनिक गणेशोत्सव मंडळांच्या सर्व कार्यकर्त्यांस,
स. न. वि. वि.

परवा आमच्या गल्लीतली मुलं पावतीपुस्तक घेऊन वर्गणीला आली. चहा झाला, लिलो चिवडा झाला, आणि यंदाचा देखावा कोणता म्हणून विचारलं तर सगळ्यांचे चेहरे फुलले. "समुद्रमंथन! आणि बेन, मागे थर्माकोलचा समुद्र नाही, खराखुरा. सहा फुटी काचेची टाकी, खारं पाणी, समुद्रातले मासे." रावपुऱ्यात मला निम्मी मुलं बेन म्हणतात, निम्मी काकू, इतकी वर्षं जीवशास्त्र शिकवलं त्याची ही कमाई. मी वर्गणी दिली आणि गप्प बसले. त्यांच्या उत्साहावर पाणी ओतायचं, तेही खारं, जिवावर आलं. म्हणून हे पत्र. एकाच मंडळाला न लिहिता सगळ्यांना लिहितेय, कारण आणखी दोन ठिकाणी हाच बेत चालल्याचं कानावर आलंय, आणि गेल्या वर्षी असाच एक देखावा मी शेवटपर्यंत पाहिलाय.

ते मंडळ कोणतं, ते सांगणार नाही. मुलं चांगली होती, हेतूही चांगला होता. टाकी बाप्पाच्या डाव्या हाताला, वर दोन मोठे फोकस, झाकणाच्या काचेवर झेंडूच्या माळा. आत चौदा मासे : क्लाउन, निळे डॅमसेल, एक पिवळाजर्द टँग. पहिल्या दिवशी लहान मुलं काचेला नाकं चिकटवून उभी होती आणि मलाही, खोटं कशाला बोलू, फार छान वाटलं. तिसऱ्या रात्री आरतीला गेले तेव्हा सगळे मासे वर आलेले. पाण्याच्या पृष्ठभागाला तोंड लावून, शेपट्या खाली, तिरके लटकल्यासारखे. गर्दीतल्या एक आजी नातवाला म्हणाल्या, "बघ, मासेसुद्धा आरतीला वर आले." मी मात्र हातातल्या घड्याळाकडे बघत एका क्लाउनच्या कल्ल्यांची झाकणं मोजत होते. मिनिटाला दीडशेच्या पुढे गेल्यावर मोजणं सोडून दिलं.

हवेचा पंप बंद होता. त्याची घरघर माइकमध्ये येते म्हणून आरतीपुरता कुणीतरी बंद केला होता, आणि आरतीनंतर भजनी मंडळ बसलं म्हणून तो तसाच राहिला. घरून थर्मामीटर आणून पाण्यात बुडवला तर ३३. पंप लावला, माळा काढल्या, झाकण सरकवलं. तळाशी पाहिलं तर मुरमुरे. प्रसादाचे. मुलांनी प्रेमाने टाकलेले. सकाळपर्यंत नऊ मासे गेले. दुपारी त्यावर तीन मतं पडली : पाणी खराब होतं, दुकानदाराने आजारी माल दिला, आणि नजर लागली. यातलं पहिलं थोडंफार खरं आहे, त्याकडे नंतर येते. पण त्या रात्री टाकीत जे घडलं तो साधा जमाखर्च होता.

मासा शीतरक्ताचा. म्हणजे त्याचं रक्त थंडगार असतं असं नव्हे. पाण्याचं जे तापमान तेच त्याच्या अंगाचं. आपल्याला ताप आला की अंगातली सगळी यंत्रणा जोरात चालते. एका अंशाच्या तापाला शरीराचा खर्च साधारण दहा टक्क्यांनी वाढतो. पण आपण घाम काढतो, पंखा लावतो, आणि ताप उतरतो. माशाला तो मार्ग नाही. पाणी तापलं की त्याच्या पेशीपेशीतली रासायनिक कामं वेगाने होऊ लागतात आणि त्याची इच्छा असो वा नसो, ऑक्सिजनचं बिल वाढतं. ढोबळ हिशेब असा की दहा अंश वाढले की चयापचय दुप्पट, काही जातींत तिप्पट. २६ अंशांवर सुखाने राहणारा मासा ३३ वर नेऊन ठेवला तर, नुसता एका जागी थांबला तरी, त्याला दीडपटीहून जास्त ऑक्सिजन लागतो.

आणि पुरवठा? गोटी सोड्याची बाटली उन्हात ठेवून फोडलीत तर काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. गरम पाण्यात वायू टिकत नाही. त्यातून पाणी खारं असलं तर आणखी कमी टिकतो. समुद्राच्या पाण्यात २६ अंशांना लिटरमागे सुमारे ६.६ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३३ अंशांना ५.९ च्या आसपास. आपण ज्या हवेत श्वास घेतो तिच्या एका लिटरमध्ये पावणेतीनशे मिलिग्रॅम असतो. शिवाय पाणी हवेपेक्षा आठशे पट जड. म्हणजे मासा आयुष्यभर अतिशय पातळ ताकातून लोणी काढत असतो, आणि ताक ढकलायचे कष्टही त्याचेच.

आकडे नीट पाहिलेत तर एक गोष्ट लक्षात येईल. पुरवठा घटला तो दहा-अकरा टक्केच. खर्च मात्र साठ टक्क्यांनी वाढला. पगार थोडासा कापला आणि त्याच महिन्यात घरात लग्न निघालं, असा प्रकार. "गरम पाण्यात ऑक्सिजन कमी असतो म्हणून मासे मरतात" असं वर्गात मी स्वतः कित्येक वर्षं सांगत आले. ते अर्धंच होतं. मागणी वाढते हे मोठं दुखणं. टोरांटोच्या फ्राय नावाच्या प्राध्यापकांनी १९४७ सालीच हे मांडून ठेवलंय : तापमान चयापचयाचा वेग ठरवतं आणि ऑक्सिजन त्याला वरून मर्यादा घालतो. किमान जगण्याचा खर्च आणि जास्तीत जास्त झेपेल तो खर्च, या दोन रेषांमधली जागा म्हणजे माशाची शिल्लक. पोहणं, खाणं, पचवणं, पळणं, अंडी घालणं, सगळं त्या शिल्लकीतून. पाणी तापत गेलं की खालची रेष वर सरकत जाते, वरची एका टप्प्यानंतर साथ सोडते. शिल्लक संपते तेव्हा मासा लगेच मरत नाही. आधी तो फक्त श्वास घेतो, दुसरं काहीच करत नाही. तिसऱ्या रात्री आपण सगळे ज्याचे फोटो काढत होतो ते हे.

आता त्या मुरमुऱ्यांविषयी. जेवण पचवायला ऑक्सिजन लागतो. खाल्ल्यानंतर काही तास माशाचा खर्च दुपटीवरही जाऊ शकतो. म्हणजे आधीच तंगी, त्यात आपण त्याला पंगतीला बसवलं. जे त्याने खाल्लं नाही ते तळाशी कुजलं, आणि कुजवणारे जिवाणूही श्वास घेतात, त्याच टाकीतला. ढोल-ताशाने, डीजेने, काचेवर टिचक्या मारण्याने घाबरलेला मासा आणखी खर्च करतो, ते वेगळंच.

सहा फुटी टाकीत साधारण साडेतीनशे लिटर पाणी बसतं. एक रात्र झोप येईना म्हणून मी गुणाकार केला. त्या पाण्यात बारा किलोवर मीठ असतं. आणि ३३ अंशांना, पाणी ऑक्सिजनने पूर्ण भरलेलं आहे असं धरलं तरी, ऑक्सिजन असतो दोन ग्रॅम. दोन! अर्धा चमचा साखर. चौदा मासे, फिल्टरमधले कोट्यवधी जिवाणू आणि कुजणारे मुरमुरे यांच्यात तो अर्धा चमचा वाटायचा. पंप सुरू असतो तेव्हा तो सतत भरला जातो, म्हणून कळत नाही. हवेच्या बुडबुड्यांतून थेट फार ऑक्सिजन मिसळतो असंही नाही. बुडबुडे खालचं पाणी वर आणतात, पृष्ठभाग हलता ठेवतात, आणि खरा विनिमय तिथे होतो. पंप बंद, वर काच, काचेवर झेंडू : तिन्ही दरवाजे आपणच लावून घेतले.

पाणी खराब होतं या मताबद्दल. माशांच्या शरीरातून अमोनिया बाहेर पडतो. जुन्या, मुरलेल्या टाकीत विशिष्ट जिवाणू त्याचं रूपांतर करतात, पण ती वसाहत बसायला चार ते सहा आठवडे लागतात. हौशी लोक याला टाकी "सायकल" होणं म्हणतात. चतुर्थीच्या आदल्या दिवशी भरलेल्या टाकीत हे जिवाणू नसतातच. अमोनिया कल्ल्यांनाच जाळतो, तापमान वाढलं की अधिक जहरी होतो, आणि जळलेल्या कल्ल्यांतून ऑक्सिजन आणखी कमी आत जातो. त्या नऊ माशांपैकी कोण कशाने गेला, याचं शवविच्छेदन मी केलं नाही. पण दहा दिवसांची खाऱ्या पाण्याची टाकी नीट होऊच शकत नाही, हे मात्र मी स्टँपपेपरवर लिहून देईन.

कुणी म्हणेल, बेन, हे मासे उष्ण समुद्रातलेच ना? आहेत की. म्हणूनच त्यांचं अवघड आहे. उष्ण कटिबंधातला मासा आधीच आपल्या कमाल मर्यादेच्या जवळ राहतो. त्याच्या समुद्रात वर्षभरात तापमान चार-पाच अंशांनीच हलतं, म्हणून फार मोठी तफावत पेलायची तयारी त्याच्याकडे नसते. दुसरं टोक अंटार्क्टिकात. तिथले काही मासे उणे १.९ अंशांच्या पाण्यात मजेत राहतात आणि ६ अंशांना मरतात. आपल्या फ्रिजमधलं पाणी त्यांना उष्माघाताचं! त्यांच्यातल्या आइसफिशच्या रक्तात हिमोग्लोबिनच नाही, रक्त पाण्यासारखं. थंड पाण्यात ऑक्सिजन भरपूर आणि चयापचय मंद, म्हणून लाल रक्ताशिवाय त्यांचं भागतं. हीच चैन अरबी समुद्रात कुणी करू म्हटलं तर एक दिवस जगणार नाही.

उलट, कावी-कंबोईला स्तंभेश्वराच्या दर्शनाला तुम्ही गेलाच असाल. भरतीला देऊळ पाण्यात, ओहोटीला सभोवार चिखल. खंभातच्या आखाताच्या अशा चिखलात डोळे वर काढून टुणटुण उड्या मारणारे मासे दिसतात. कोकणात त्यांना निवटे म्हणतात, इकडे लेवटा. तापलेल्या चिखलाच्या डबक्यात ऑक्सिजन उरत नाही, तर या गड्याने पाणीच सोडलं. ओलसर कातडीतून आणि तोंडाच्या आतल्या अस्तरातून तो सरळ हवेतला ऑक्सिजन घेतो. पुढच्या वेळी दर्शन झालं की पाच मिनिटं कठड्याशी उभे राहून त्याला बघा. चिखल वाळायला लागला की तो कूस बदलून अंग ओलं करून घेतो, कारण कातडी सुकली की श्वासाचा एक रस्ता बंद.

क्लाउनमाशाची सोय याहून घरगुती. तो समुद्रफूल नावाच्या प्राण्याच्या भुजांमध्ये राहतो हे कार्टूनमुळे आता सगळ्यांना माहीत झालंय. रात्री प्रवाळांच्या फटींत पाणी थांबतं आणि ऑक्सिजन घटतो, तेव्हा हा मासा यजमानाच्या भुजांमध्ये शिरून रात्रभर पंख हलवत बसतो. पाणी हलतं, दोघांनाही श्वास मिळतो. गेल्या वर्षी टाकीत समुद्रफूल नव्हतं, पण एक क्लाउन कोपऱ्यातल्या प्लास्टिकच्या फुलापाशी जाऊन तेच करत होता. त्याने किती ऑक्सिजन मिळवला ते देव जाणे, पण सकाळी जे पाच जिवंत होते त्यांत तो होता.

समुद्रातल्या माशाकडे एक पर्याय असतो जो टाकीत नसतो : निघून जाणं. वर तापलं तर खाली, इथे तापलं तर ध्रुवाच्या दिशेने. पण खाली जाण्यालाही तळ आहे. आपल्या अरबी समुद्रात साधारण दीडशे मीटरपासून हजारभर मीटरपर्यंत एक जाड थर आहे, ज्यात ऑक्सिजन जवळपास नाही. जगातल्या अशा सर्वांत मोठ्या पट्ट्यांपैकी तो एक. तिथे राहतात ते व्हॅम्पायर स्क्विड या माकुळाच्या नातेवाइकासारखे, ज्यांनी आपला चयापचयच इतका मंद करून घेतलाय की फार कमी ऑक्सिजनवर निभावतं. टुना तिथे राहू शकत नाही; अखंड पोहणारा, माशांमध्ये अपवादाने गरम रक्ताचा प्राणी, त्याचा खर्चच राजेशाही. म्हणजे वरून उष्णता दाबतेय, खालून हा थर, आणि मधली राहायची जागा लहान होतेय. १९६० पासूनच्या पन्नास वर्षांत जगाच्या समुद्रांनी सुमारे दोन टक्के ऑक्सिजन गमावला. ऐकायला किरकोळ. पण ज्या जागेत आधीच अर्धा चमचा आहे तिथे किरकोळ असं काही नसतं.

इथे एक कबुली. उष्णतेत प्राणी ऑक्सिजन कमी पडल्यानेच मरतो, हा सिद्धांत जर्मनीतल्या पोर्टनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गेली पंचवीसेक वर्षं जोरात मांडला, आणि त्यावर तितक्याच जोरात वाद झाला. काही माशांमध्ये ऑक्सिजन पुरेसा असतानाही हृदय किंवा मज्जासंस्था आधी थकते असं दिसलंय. त्यामुळे "प्रत्येक मासा गुदमरूनच मरतो" असं मी म्हणणार नाही. बंद टाकीत मात्र, जिथे मागणी आणि पुरवठा दोन्ही आपल्याच हातात असतात, हा वाद आपल्याला आडोसा देत नाही.

तर माझं म्हणणं सरळ आहे : जिवंत समुद्री मासे मंडपात आणू नका. भाद्रपदात पाऊस उघडला की आपल्याकडे काय उकडतं ते सांगायला नको, त्यात मंडपाचं कापड आणि फोकस. ज्यांनी टाकी आधीच सांगितली असेल त्यांनी निदान पाणी २७ च्या वर जाऊ देऊ नये, आणि त्यासाठी भाड्याने का होईना चिलर घ्यावा. टेबलफॅनने पृष्ठभागावर वारा दिला तर पाणी दोनेक अंश उतरतं, पण दमट हवेत तेवढंही नाही, आणि जे पाणी उडून जातं ते भरताना गोडं पाणी घालायचं. मीठ मागेच राहिलेलं असतं. बर्फाची लादी टाकणाऱ्याला मंडळातून काढा. झटक्यात थंड झालेलं पाणी माशाला तापलेल्याइतकंच मारतं, वर बर्फातलं क्लोरीन. वीज जाण्याची वाट न बघता बॅटरीवरचा पंप जवळ ठेवा. दहा दिवस अतिशय कमी खायला द्या, आणि प्रसाद फक्त माणसांना. समुद्री घोडा किंवा जिवंत प्रवाळ कुणी विकायला आलाच तर हात लावू नका. दोन्ही वन्यजीव कायद्याने संरक्षित आहेत आणि पहिल्या पूजेला वनखात्याची माणसं आलेली कुणालाच आवडणार नाहीत.

नुसतं नको-नको करणारी बाई म्हणून माझी ख्याती होऊ नये, यासाठी एक पर्याय देते. देखावा समुद्रमंथनाचाच ठेवा. मंथन म्हणजे काय? पाणी घुसळणं. समुद्राला ऑक्सिजन मिळतो तो मुख्यतः पृष्ठभागावरून, आणि वारा, लाटा, थंड होऊन खाली बुडणारं पाणी यांनी तो खाली नेला जातो. वरचं पाणी फार तापलं की ते हलकं होऊन दुधावरच्या सायीसारखं वर बसून राहतं, घुसळण मंदावते, आणि खालच्यांचा श्वास अडतो. आपल्या पश्चिम किनाऱ्याजवळ, नेमकं याच दिवसांत, पावसाळ्याच्या शेवटी, उथळ तळाशी ऑक्सिजन संपतो आणि काही ठिकाणी तर हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. सडक्या अंड्याचा वास येणारा विषारी वायू. हलाहल म्हणा हवं तर! मंदार पर्वत मोटरवर फिरवा, निळ्या पडद्याचे दोन थर करा, घुसळण थांबली की खालचा दिवा विझू द्या. मासे कागदाचे करा; आमच्या वेळी कागदाचे मासे करणाऱ्या मुली गल्लोगल्ली होत्या, अजून असतील. शेजारी दोन सोड्याच्या बाटल्या ठेवा, एक बर्फातली, एक फोकसखाली तापलेली, आणि दर तासाला एका लहान मुलाला त्या फोडायला द्या. पंचमीपासून तीन संध्याकाळी मी स्वतः उभी राहून समजावून सांगेन, गुजरातीतही. खुर्ची तेवढी द्या, गुडघे आता ऐकत नाहीत.

कळावे, लोभ असावा.

आपली,
रावपुऱ्यातली जीवशास्त्राची बेन

ता. क. : गेल्या वर्षी वाचलेले पाच मासे त्या मंडळाच्या एका कार्यकर्त्याने ओळखीच्या हौशी माणसाच्या जुन्या टाकीत नेऊन सोडले होते. दिवाळीत मी बघायला गेले. पिवळा टँग नव्हता. तो क्लाउन होता, आणि कल्ले मिनिटाला ऐंशीच्या आसपास.